जागलीची पाळी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सुमित्राबाईला नवऱ्याला हलवून जागं करावं लागलं. तिला इतका आनंद झाला, की तिने त्याला दोनदा हलवलं. एकदा उठवायला आणि एकदा खात्री करायला.

"अजी, उठा ना. नारबोद निघाली. पोट्टे कवाचे ओरडून राहिले."

उमराव खाटेवर उठून बसला. डोळे चिकटले होते, तोंडाला झोपेची कडू चव होती. ही चव तो विसरूनच गेला होता.

"झोपलो होतो का वो मी?"

"घोरत होते."

"खोटं नोको बोलू."

"बकरी दचकली दोनदा. तिले विचारा."

उमरावने तोंडावर पाणी मारलं, काठी घेतली आणि घोळक्यात जाऊन मिसळला. पळसाच्या फांद्यांना फाटकं लुगडं नेसवून, हातात तुटका झाडू देऊन गावाने नारबोद सजवली होती. वर्षाची सगळी रोगराई तिच्या माथी मारायची, तिला ओढत शिवेबाहेर न्यायचं आणि तिथे जाळायचं. बाप करत होते म्हणून लेक करतात. ज्याला जे छळत असेल ते त्याने मोठ्याने ओरडायचं.

"खासी-खोकला घेऊन जाय गे नारबोद!"

"ढेकून-मच्छर घेऊन जाय गे नारबोद!"

"लाईनचं जानं घेऊन जाय गे नारबोद!" हे कोणी तरी विजेच्या नावाने ओरडलं. कारण रात्रभर गावात वीज नव्हती.

उमराव हसत चालला होता. तेवढ्यात मागून पुतण्याचा आवाज आला. धाकट्या भावाचा, डुलीचंदचा मुलगा वीरेंद्र. गोंदियात मोटारसायकलीच्या दुकानात कामाला, सणाला आलेला, अंगात रग.

"उमरावकाकाचं जागरन घेऊन जाय गे नारबोद!"

घोळका खदखदून हसला. उमरावही हसला. पोराच्या मनात वाईट नव्हतं, हे त्याला कळत होतं. पण लगेच डुलीचंदने पोराच्या टाळक्यात टपली मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अबे, ते कायले पाठवून राहिला? जागरन गेलं तं आपली जागल कोन करन?"

आता लोक पोट धरून हसले. एक-दोघांनी उमरावच्या पाठीवर थापही मारली. नारबोद शिवेबाहेर गेली, पेटली, राख झाली. परतताना उमराव एकटाच मागे राहिला. त्याच्या तोंडावरचं हसू वाटेतच कुठे तरी गळून पडलं होतं.

भाऊ थट्टेत बोलला होता, पण खरं बोलला होता. आपल्या दुखण्यावर तिघा भावांच्या चुली निर्धास्त झोपतात, हे उमरावला त्या पायवाटेवर लख्ख दिसलं. आणि जे दुखणं दुसऱ्याच्या कामाचं असतं, ते बरं व्हावं असं कोणाला वाटत नाही.

उमरावच्या घराण्याची, बिसेनांची जमीन चिचगडच्या जंगलाला चिकटून. तिघा भावांच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, एकमेकींना लागून. धान निसवलं, लोंबीत दूध भरलं, की रानडुकरं उतरतात आणि एका रात्रीत बांधी नांगरल्यासारखी करून जातात. म्हणून कापणीपर्यंत मचाणावर जागलीला बसावं लागतं. बापाने जिवंतपणीच रीत घालून दिली होती. तेलाचा एक रिकामा पिपा होता, डुकरं हाकायला बडवायचा. ज्याच्या घरी पिपा, त्याची पाळी. सकाळी जागल करून आला, की त्याने पिपा पुढच्या भावाच्या ओसरीवर ठेवायचा. बोलायचं काम नाही, भांडायचं काम नाही.

मग बाप गेला, आणि उमरावची झोप उडाली. आधी थोडी, मग सगळीच. पाठ टेकली की छातीत धडधड व्हायची. पान पडलं तरी कान तिकडे जायचा, आणि पान नाही पडलं तर का नाही पडलं म्हणून जायचा. तेव्हा मोठा भाऊ झनकलाल म्हणाला होता, "तू तसाही जागाच राहतं, माझे गुडघे दुखून राहिले, एवढी पाळी काढून दे." मग डुलीचंदच्या घरी पाहुणे आले. मग त्याला ताप आला. मग कारण सांगणंही बंद झालं. पिपा उमरावच्या ओसरीवर आला तो तिथेच राहिला. भाऊ ओसरीवरून जाताना त्याच्याकडे बघत नसत. देवळातल्या घंटीकडे रोज जाणारा माणूस बघत नाही तसं.

उमरावनेही कधी तक्रार केली नाही. खरं सांगायचं तर मचाणावर त्याला बरं वाटायचं. तिथे जागं राहणं हे काम होतं, घरी तो रोग होता. गावात नाव झालं होतं. "उमराव बसला असन तं डुक्कर रस्ता बदलते," असं लोक म्हणायचे. अशा नावाचं ओझं माणूस आनंदाने वाहतो.

उन्हाळ्यात मात्र त्याची मुलगी डिंपल हट्टाला पेटली. ती लग्न होऊन मुर्रीला दिलेली. तिने बापाला ओढत गोंदियाला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीण डिंपलच्याच वयाची. तिने रक्त तपासलं, छाती तपासली आणि मग विचारलं, "काका, नींद नाही येत तेव्हा काय करता?"

"ऐकतो."

"काय ऐकता?"

"तेच तं, बाई. ऐकाले काही नसते."

ती हसली नाही. म्हणाली, "तुम्ही शरीराला पहारा शिकवला. ते शिकलं, आणि चांगलं शिकलं. आता अंधार झाला की त्याला वाटतं, ड्यूटी लागली. त्याला पुन्हा शिकवावं लागेल. जमेल, पण सोडून सोडून नाही जमणार." गोळी तिने आधी दिली नाही. म्हणाली, हे करून पाहू. सकाळी रोज ठरल्या वेळी उठायचं, रात्र कशीही जावो. दुपारी आडवं व्हायचं नाही. ऊन कललं की चहा बंद. झोप येत नसेल तर खाटेवर तळमळत पडायचं नाही, उठून बसायचं, डोळे जड झाले की परत यायचं. आणि जी काय भीती असेल ती दिवसाउजेडी कोणाला तरी सांगून टाकायची, खाटेवर न्यायची नाही.

हे शेवटचं उमरावला सगळ्यात जड गेलं. पण सुमित्राबाईने ते मनावर घेतलं. संध्याकाळी ती भाजी निवडायला बसली की त्याला समोर बसवायची. "बोला. काय चिंता हाये आज?" पहिल्या दिवशी तो काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी बोलायला लागला तो भाजी संपली तरी थांबेना. डिंपलच्या सासूपासून बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या बांधापर्यंत.

"बोडी फुटली तं?"

"तं मासोळ्या पकडू."

"मी मेलो तं?"

"तं मी मोठ्यानं रडन. आता भेंड्या धुवा."

असं करत करत झोप परत यायला लागली. चोरासारखी, मागच्या दाराने, पण यायला लागली. आणि डॉक्टरणीने एक गोष्ट बजावून सांगितली होती. या हंगामात जागल नाही. एकही नाही.

आज नारबोदच्या दिवशी दुपारी झनकलालच्या घरी तिन्ही घरांचं जेवण असायचं, आणि जेवणानंतर जागलीच्या पाळ्या ठरायच्या.

"तुमी बोलान का मी बोलू?" निघताना सुमित्राबाईने विचारलं.

"मी बोलतो."

"पाहा हं. नाई बोलले तं मी बोलन, अन् माझं बोलनं तुमाले माहीत हाये."

जेवणं झाली. झनकलाल ओसरीवर भिंतीला टेकून सुपारी कातरत बसला. वयाने आणि पोटाने, दोन्हीने तो घरात मोठा होता. डुलीचंद पाय पसरून बसला. वीरेंद्र दाराशी मोबाईल बघत होता. झनकलालची बायको सावित्रीबाई आणि डुलीचंदची बायको नूतन भांडी आवरत होत्या.

"हं," झनकलाल म्हणाला, "धान पोटरीत आलं. बोलून घेऊ जागलीचं. बोलाचं काय हाये म्हना त्याच्यात. उमराव हायेच."

"हायेच," डुलीचंद म्हणाला.

उमरावने तोंड उघडलं. रानात अस्वलासमोर ओरडलेला माणूस, त्याला भावांसमोर एक शब्द फुटेना. त्याने सुपारीकडे बघितलं, चुलीकडे बघितलं.

तेवढ्यात अंगणात खणकन आवाज झाला. सुमित्राबाईने घरून पदराखाली झाकून पिपा आणला होता आणि जेवणं होईपर्यंत कोपऱ्यात लपवला होता. आता तो तिने अंगणाच्या मधोमध ठेवला होता. ठेवला कसला, आदळला होता.

"हे काय, वयनी?" डुलीचंद म्हणाला.

"तुमची अमानत. आमच्या घरी लई वर्स राहिली. आता चुकला असन रस्ता, म्हनून आनून दिली."

"अवो, पन दादा तं तसाही जागाच..."

"तसाही, तसाही!" सुमित्राबाई उसळली. "लंगड्याले म्हनाचं, तू तसाही लंगडतं, मंग आमचं बी वझं घेऊन जाय! हे कोनतं न्याय होय, भाऊजी?"

सावित्रीबाईच्या हातातलं ताट तिथेच थांबलं. झनकलालने अडकित्ता खाली ठेवला.

"पाहा बहू," तो सबुरीने म्हणाला, "आमी काही जबरदस्ती नाई केली. त्यानं आपल्या मनानं..."

"केली नाई. पन कधी थांबवलं बी नाई."

"बरं, मंग अर्ध्या पाळ्या करन तो," झनकलालने तोडगा काढला. "अर्ध्या आमी दोघं वाटून घेऊ."

"एक बी नाई."

डुलीचंदने मांडीवर हात मारला. "मंग मी सांगू? बांध्याभोवती तार बांधतो अन् करंट सोडतो. लोकं करतेच ना? ना जागल, ना झगडा."

"तू तार बांधून तं पाहाय." उमरावला आवाज फुटला तो इथे. "त्या धुऱ्यावरून बाया सरपनाले जातेत. पहिली मरन ते डुक्कर नाई मरनार."

"मंग जागल कर ना, दादा! कोन नाई म्हनते? वयनी उगीच मधात बोलून राहिली. तुले काय त्रास होते मचानावर? तू तं तेथी खुश राहतं. मी डोळ्यानं पाहिलं."

सगळे उमरावकडे बघायला लागले. वीरेंद्रनेही मोबाईल खाली केला. हे खोटं नव्हतं, हे सुमित्राबाईलाही माहीत होतं.

बोलली ती नूतन. मोठ्या दिरांसमोर थेट बोलायची रीत नव्हती, म्हणून ती डोक्यावरचा पदर सारखा करत सावित्रीबाईलाच म्हणाली, "मोठ्या बाई, खुश तं दारू पेलेला मानूस बी राहते. म्हनून त्याले रोज पाजाची का?"

"तू चूप बस वं!" डुलीचंद गरजला.

"काऊन चूप बसन? तुमी घरी घोरता, अन् सकाळी म्हनता, अंग जड झालं, लई झोप झाली. मले लाज वाटते."

उमरावने भावजयीकडे बघितलं. कधी एका ओळीचंही बोलणं झालं नव्हतं तिच्याशी, आणि आज ती नवऱ्याच्या विरुद्ध उभी होती. आता आपण गप्प राहिलो तर ही बाई उगीच शिव्या खाईल, असं त्याच्या मनात आलं. तो सरळ बसला.

"डुली, तू बरोबर बोलला. मी मचानावर खुश राहतो. काऊन राहतो, ते ऐक. मले रात्रीचा भेव लागते."

कोणी हसलं नाही. झनकलाल हातातल्या सुपारीकडे बघत राहिला. ज्याचं नाव घेऊन गावातल्या आया रडत्या पोरांना धीर देत, तो माणूस हे बोलला होता.

"कोनाचा भेव, भाऊजी?" सावित्रीबाईने हळू विचारलं.

"कोनाचाच नाई, भाभी. तेच तं. मचानावर मी डुकराची वाट पाहतो. भेव लागला तं त्याले कारन असते. घरी आलो तं डुक्कर नसते, पन वाट पाहनं सुटत नाई. छाती धडधड करते. वाटते, आता काही तरी होईन. होत काहीच नाई, अन् दिवस निघते. असं माझं लई वर्सांपासून होऊन राहिलं. मी तुमाले सांगत होतो, झोप येत नाई. भेव लागते, हे कधी बोललो नाई."

"पन मी तं रोज विचारे, झोप झाली का म्हनून," डुलीचंद म्हणाला. आवाज उतरला होता.

"विचारे. अन् मी बोलाच्या पहिले तूच म्हने, आजची माझी पाळी पाहून घेजो."

दाराशी वीरेंद्रच्या तोंडून हसू फुटलं आणि त्याने ते खोकल्यात लपवलं. डुलीचंदने त्याच्याकडे नुसतं बघितलं.

"उन्हाळ्यापासून जरा जरा सुटून राहिलं," उमराव पुढे म्हणाला. आता त्याचा आवाज मचाणावरून हाळी देताना असायचा तसा, भरलेला आणि सरळ होता. "आज सकाळी हिनं मले हलवून उठवलं. हलवून! तुमच्या घरी हे रोज होत असन. माझ्या घरी सन होता तो. धान गेलं तं पुढच्या साली येईन. हे एकदा गेलं तं मले वापस भेटन का नाई, मले माहीत नाई. म्हनून मी जागल करनार नाई. औंदा नाई, पुढं बी नाई. अन् करंट लावू देनार नाई. हे दोन्ही मी आज बोलून राहिलो, अन् तुमी ते ऐका."

मग सावित्रीबाईने ताट खाली ठेवलं आणि नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. "ऐकलं ना? का पुन्हा सांगाले लावता त्याले?"

"ऐकलं वो, ऐकलं." झनकलालने घसा साफ केला. मोठेपणा कुठे ठेवावा ते त्याला कळत नव्हतं. शेवटी तो उठला, गुडघे धरत अंगणात गेला, पिपा उचलला आणि डुलीचंदच्या पुढ्यात ठेवला.

"माझ्याच पुढं काऊन?"

"मंग माझ्या पुढं ठेवू? माझी पाळी तुझ्यानंतर. मी नाई नाई म्हनत. पन गुडघे..."

"गुडघ्याचं काय हाये," सावित्रीबाई म्हणाली, "डुकरं काय शर्यत लावून राहिले का तुमच्या संग? बसाचं अन् बडवाचं. मीच येतो संग. तसंही तुमच्या घोरन्यानं मले घरी कोठी झोप हाये!"

सगळे हसले. झनकलालही हसला, आणि त्या हसण्यात तो पुन्हा थोडा मोठा भाऊ झाला.

"भाभी बरोबर बोलली," उमराव म्हणाला. "बाबूजीची रीत चांगली होती, पन एक गोष्ट चुकली. एकट्याले पाठवे. आता एकट्यानं कोनी जाऊ नोका. दोघं जा. एक जागन, एक झोपन, मंग पलटी. मचान रुंद कराचं असन तं बल्ल्या मी तोडून देतो. दिवसाचं सारं काम मी करन. कुंपन करन, मचान बांधन, धुऱ्यावरचा कचरा साफ करन. अंधार पडला, की मी घरी."

"अन् सौरवालं कुंपन भेटते काका, त्यानं झटका लागते पन मरत नाई कोनी," वीरेंद्र दारातून म्हणाला. "मी गोंदियात विचारतो."

"विचार. तं मंग जागल बी कमी होईन." झनकलालने मान हलवली. "तोपर्यंत दोघं दोघं. डुली, तू अन् वीरेंद्र."

"याची सुट्टी दिवाळीपर्यंत कोठी हाये?" डुलीचंद कुरकुरला.

"शनिवारी-इतवारी येईन," वीरेंद्र म्हणाला. "बाकी दिवस तुमी अन् आई."

नूतनने पदरात तोंड लपवलं. डुलीचंदने पिप्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. आपल्या बाजूने आता एकही माणूस उरलेला नाही, हे त्याला कळलं. त्याने पिपा ओढून मांडीजवळ घेतला. मग उमरावकडे न बघता म्हणाला, "दादा, सकाळचं ते... नारबोदचं. चार लोकांत बोलाले नोको होतं."

"बोलला ते बरं झालं," उमराव म्हणाला. "तू नसता बोलला तं मी बी नसतो बोललो."

ऊन कलायला लागलं होतं. सावित्रीबाईने चहा ठेवला, आणि उमरावने हाताने नको म्हटलं तेव्हा आग्रह केला नाही. हे सुमित्राबाईने बघून ठेवलं. ती पुढे निघाली. उमराव अंगणाच्या कडेला चप्पल पायात सरकवत होता, तेव्हा वीरेंद्र जवळ आला. सकाळची रग आता दिसत नव्हती.

"काका, तेथी मचानावर... सुरुवातीले तुमाले बी भेव लागे का?"

"लागे ना बापा. कोनाले नाई लागत?"

"मंग काय करू?"

"लागला तं बाजूच्याले उठवजो. लाजू नोको. अन् सकाळी घरी येऊन झोपजो. अन् एक गोष्ट ध्यानात ठेव. कोनी तुले म्हटलं, तू तसाही जागाच हायेस, माझी बी पाळी पाहून घे, तं त्याले तेथच्या तेथी नाई म्हनाचं."

वीरेंद्रने मागे वळून बघितलं. डुलीचंद अजून पिप्याजवळ बसून होता.

"बाबूजी म्हनले तं?"

"पहिले त्यालेच," उमराव म्हणाला, आणि बायकोला गाठायला झपाझप चालू लागला.